संधान

मार्च महिन्यात आमच्या होटगीत कुणाच्या दारात नुसतं उभं राहिलात तरी हातात द्राक्षाचा घड पडतो. घरात चहाला दूध नसेल, बसायला धड खुर्ची नसेल, पण द्राक्षं असतात. कुणाचा मेहुणा बागवाला असतो, कुणाचा जावई बेदाण्याच्या शेडवर असतो, आणि ज्याचं यातलं कुणीच नसतं त्याच्या शेजारी अप्पा असतात.

आमच्या शेजारच्या अप्पांची चार एकर बाग आहे. व्यापाऱ्यानं माल उचलला की मागं जे उरतं, म्हणजे मणी गळलेले, एका अंगानं उन्हानं भाजलेले, आकारानं नापास झालेले घड, ते अप्पा क्रेटमध्ये भरून ओळखीपाळखीत वाटत सुटतात. त्यांना नको म्हणायची सोय नाही. "सर, दोन क्रेट ठेवलोय बघा ओट्यावर," एवढंच बोलून ते मोटारसायकलला किक मारतात. दोन क्रेट म्हणजे चाळीस किलो. घरात माणसं तीन. त्यातल्या आईला दात नाहीत, बायकोला साखर आहे. उरलो मी.

पहिल्या दिवशी द्राक्षं कौतुकानं खाल्ली जातात. दुसऱ्या दिवशी शेजारी वाटायला निघावं तर शेजाऱ्याच्या ओट्यावर तसलाच क्रेट. तिसऱ्या दिवशी चिलटं येतात, आणि चौथ्या दिवशी बायको म्हणते, "अहो, याचं काहीतरी करा."

तर त्या वर्षी आम्ही सरबत केलं. अप्पांची द्राक्षं काळी, शरद जातीची. रस झकास निघाला, जांभळा-काळा. अडगळीतल्या सगळ्या रिकाम्या बाटल्या धुऊन, भरून, बुचं घट्ट मारून माळ्यावर ठेवल्या. उकळायला हवं होतं का, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नाही. मेमध्ये नातवंडं येतील तेव्हा काढू, असा बेत होता.

अकराव्या रात्री दोनच्या सुमारास माळ्यावर बार झाला. मला वाटलं वाडीकडच्या मालगाडीचं कपलिंग तुटलं. जंक्शनावर जन्म गेलेल्या माणसाला कुठलाही आवाज आधी रेल्वेचाच वाटतो. बायकोला वाटलं सिलिंडर. मी टॉर्च घेऊन शिडीवर चढतोय तोच दुसरा बार, आणि लगोलग तिसरा. छतावर जांभळ्या रंगात एक नकाशा उमटला होता, काचा चादरींच्या घड्यांत घुसल्या होत्या, आणि वरून असा वास येत होता जसा वरातीत शेवटून नाचणाऱ्यांच्या घोळक्यातून येतो. आणि खालच्या खोलीतून आईचा झोपेतला आवाज आला, "आसव कुणी सांडलं रे?"

त्या गडबडीत तिच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. द्यायला हवं होतं.

मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. किण्वनाचा धडा दरवर्षी यायचा. फळ्यावर मी साखरेचं सूत्र लिहायचो, पुढं आडवा बाण, मग अल्कोहोल, अधिक कार्बन डायऑक्साइड, आणि कार्बन डायऑक्साइडच्या अंगाशी वर जाणारा एक छोटा बाण. वायू बाहेर पडतो हे दाखवायला. तो बाण न काढणाऱ्याचे मी अर्धा गुण कापत असे. एकतीस वर्षांत ना मुलांनी तो वायू पाहिला, ना मी. साखरेच्या जवळपास निम्म्या वजनाचं अल्कोहोल होतं आणि उरलेल्या निम्म्याचा वायू, हे मला तोंडपाठ होतं. पण बाटलीला घट्ट बूच मारताना तो निम्मा वायू जाणार कुठं, हे मला सुचलं नव्हतं. त्या रात्री तो वर जाणारा बाण माझ्या छतावर काढून मिळाला. अर्धा गुण कापला गेला तो माझाच.

आणि तिथंच छंदाची ठिणगी पडली. निवृत्तीनंतर माझ्या बरोबरीच्यांपैकी एकानं हार्मोनियम घेतली, एकानं बोन्साय, एक तर रोज सकाळी गावतळ्यावर पक्षी मोजायला जातो. बायकोचं म्हणणं, निवृत्त माणसाला छंद लागला काय आणि तान्ह्या पोराला दात आले काय, घरातल्यांच्या झोपेचं खोबरं सारखंच. तरी तिनं अडवलं नाही. छताला रंग मात्र माझ्याकडूनच लावून घेतला.

पुढच्या द्राक्षांच्या आधीच मी अभ्यासाला लागलो. माझे पहिले गुरू अर्थातच अप्पा. अप्पांच्या खिशात पेन नसतं, रिफ्रॅक्टोमीटर असतो. विताएवढी नळी. एका टोकाच्या काचेवर मण्याचा एक थेंब पिळायचा, झाकण मिटायचं, नळी डोळ्याला लावून उजेडाकडं तोंड करायचं. आत एक मोजपट्टी दिसते, तिच्या वर निळं, खाली पांढरं. दोन्ही जिथं मिळतात तो आकडा म्हणजे ब्रिक्स, रसातली गोडी. अप्पा बागेतून चालता चालता असे उजेडाकडं तोंड करून थांबतात, तेव्हा लांबून वाटावं की सूर्याला अर्घ्य देताहेत. "अठरा लागली," ते म्हणाले. मी खिशातून कागद काढला. ब्रिक्स अठरा, म्हणजे लिटरला पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास साखर. सतराएक ग्रॅम साखरेमागं एक टक्का अल्कोहोल. "म्हणजे दहा टक्के," मी म्हणालो. अप्पांनी नळी खाली घेतली. "सर, तुमी नक्की काय करायलाव?"

मी सांगितलं. ते हसले नाहीत. बागवाल्याला द्राक्षाच्या कुठल्याही शेवटाचं हसू येत नाही. अवकाळी पावसानं मणी तडकतात, व्यापारी ऐनवेळी फोन उचलत नाही, बेदाणा रॅकवर सुकत असताना ढग येतात. हे ज्यानं पाहिलंय त्याला बाटली फुटण्याचं काय? ते एवढंच म्हणाले, की आपली द्राक्षं त्या कामाची नव्हेत.

ते खरंच आहे. आमच्या सोलापूर जिल्ह्यानं खायच्या द्राक्षात नाव काढलं. नान्नज म्हटलं की बाहेरच्यांना माळढोक आठवतो, आम्हाला द्राक्ष. तिथल्या नानासाहेब काळ्यांनी थॉम्पसन जातीच्या बागेतून निवड करून 'सोनाका' काढला, काळं 'शरद'सुद्धा त्याच गावचं. लांब मणी, पातळ साल, बी नाही, दाताखाली आला की कुरकुर वाजला पाहिजे. जीए या संजीवकाच्या द्रावणात घड बुडवायचे, विरळणी करायची, मणी फुगवायचा. वाईनवाल्याला नेमकं उलटं लागतं. मणी बारका, साल जाड, पोटात बिया. लाल वाईनचा रंग आणि तो घशाला जाणवणारा तुरटपणा सालीतून आणि बियांतून येतो. म्हणजे वाईनला जे गुण लागतात ते सगळे दुर्गुण समजून आम्ही दोन पिढ्या खपून घालवले. आमच्या सोनाकाची वाईन करायची म्हणजे लग्नात पंगत वाढायला घोड्यावरच्या नवरदेवाला उतरवायचं.

तसं म्हटलं तर वाईन आमच्या जिल्ह्याला परकी नाही. होटगीहून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, अकलूजजवळ मोटेवाडीला 'फ्राटेली'ची वायनरी आहे. फ्राटेली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. इटलीतले सेक्की बंधू, दिल्लीकडचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू, अशा तीन घरच्या भावांनी मिळून ती उभी केली. भावाभावांनी एकत्र येऊन जमीन कसल्याचं उदाहरण माळशिरस तालुक्यात सापडावं आणि त्यासाठी इटलीहून दोन भाऊ आणावे लागावेत, यावर आमच्या स्टेशनच्या कट्ट्यावर बरीच चर्चा झाली. तिथल्या माळावर सांजोवेझे नावाचं टस्कनीचं द्राक्ष पिकतं. टस्कनीच्या पिएरो मासींनी तिथली वाईन घडवली. आमच्याकडं बोअरला पाणी लागलं तर पेढे वाटतात, त्याच मातीत.

अप्पांना मी हे सांगितलं. ते त्या वेळी मोरचूद आणि चुना कालवत होते. बोर्डो. आमच्याकडं हा शब्द शेंगाचटणीइतका रुळलेला आहे. डाऊनी आला, बोर्डो मार. छाटणी झाली, बोर्डो मार. मी म्हटलं, "अप्पा, बोर्डो हे फ्रान्समधलं गाव आहे. वाईनचं." त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. मग मी गोष्ट सांगितली. १८८२च्या सुमारास तिथल्या बागवाल्यांनी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडला होता. हेतू एकच, येणाऱ्या-जाणाऱ्यानं निळी-पांढरी पानं बघून विषाच्या भीतीनं द्राक्षं तोडू नयेत. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या नजरेला आलं, की डाऊनीनं, म्हणजे केवड्यानं, बागा झडल्यात पण रस्त्याकडेच्या ओळी हिरव्यागार आहेत. १८८५ साली त्यानं ते जगाला सांगितलं. अप्पांनी काठीनं बादली ढवळत सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तिकडले चोर बरे हायेत. आमचे धुऊन खातेत."

इथवर सगळं सुरळीत चाललं होतं. पण माझा भाचा सोलापूरच्या कोर्टात वकील आहे. रविवारी जेवायला आला, आणि कडक भाकरी मोडता मोडता मी हौसेनं त्याला बेत सांगितला. त्याचा घास हातात राहिला.

"मामा, महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९. परवान्याशिवाय करायची नाही, बाळगायची नाही. घरी, हौसेनं, एक बाटली, काही चालत नाही."

"मी करतोय कुठं? मी फक्त द्राक्षं बरणीत ठेवून विसरणार."

"विसरलो म्हणून सुटका होत नाही. प्यायलासुद्धा परवाना लागतो, माहीत आहे ना?"

मला माहीत नव्हतं. आमच्या ओळखीत जे नियमित घेतात त्यांनाही माहीत असेल असं वाटत नाही. भाच्यानं मग वकिली रंगात येऊन बलसारांची गोष्ट सांगितली. दारूबंदी कायदा आला तेव्हा मुंबईच्या एफ. एन. बलसारा नावाच्या पारशी गृहस्थांनी सरळ कोर्ट गाठलं. त्यांच्या मागणीत व्हिस्की होती, ब्रँडी होती, वाईन होती, औषधी वाईन होती, आणि अंगाला लावायचं ओ-द-कोलोनही होतं. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयानं कायदा बहुतांशी कायम ठेवला, पण अल्कोहोल असलेली औषधं आणि अंगाला लावायची अत्तरंबित्तरं बंदीतून सोडवली. "म्हणून," भाचा भाजीकडं वळत म्हणाला, "आजीचं द्राक्षासव कायदेशीर आहे."

द्राक्षासव! आमच्या कपाटात गेली वीस वर्षं ती तपकिरी बाटली आहे. आई रात्री जेवणानंतर दोन चमचे, समान पाणी घालून घेते. मी उठलो, बाटली आणली आणि चष्मा लावून लेबल वाचलं. स्वयंजनित अल्कोहोल, असं छापलेलं होतं, पुढं टक्केवारी. म्हणजे बाहेरून घातलेलं नाही, आतल्या आत आपोआप जन्मलेलं. सोमवार करणारी, कांदासुद्धा चातुर्मासात न खाणारी माझी आई, या घरातली एकमेव नियमित वाईन घेणारी व्यक्ती होती. आम्ही तिघांनी बाटलीकडं बघितलं, मग आईकडं. आई भाकरी कुस्करून दुधात भिजवत होती.

खरं तर कौटिल्य बरा होता. अर्थशास्त्रात दारूचं अख्खं खातं आहे, सुराध्यक्ष आहे, दंड आहेत, आणि द्राक्षाच्या दारूला 'मधु' हे नाव आहे. पण कुटुंबवत्सल गृहस्थाला घरच्या कार्यापुरती सुरा आणि औषधापुरतं अरिष्ट करायला त्यानं मुभा दिलेली आहे. इब्न बतूता चौदाव्या शतकात दौलताबादला आला तेव्हा तिथं वर्षातून दोनदा द्राक्षं येतात असं त्यानं लिहून ठेवलं. त्या उरलेल्या मालाचं लोक काय करत, हे त्यानं विचारलं असतं तर बरं झालं असतं. आणि २०२२च्या जानेवारीत सरकारनं मोठ्या दुकानांतून वाईन विकू द्यायचं ठरवलं, तेव्हा आमच्या कट्ट्यावर वाईन म्हणजे दारू की नव्हे यावर जो वाद पेटला, तो निर्णय बारगळला तरी अजून चालू आहे.

मी कायद्याला मानणारा माणूस. शिवाय मठाच्या गावचा. तेव्हा मी वाईनचा नाद सोडला आणि व्हिनेगर करायचं ठरवलं. भाच्याचं यावर काही म्हणणं नव्हतं. निदान त्या वेळी नव्हतं. कारण रसायनशास्त्राची गोम त्याच्या ध्यानात आली नव्हती. व्हिनेगर या मूळच्या फ्रेंच शब्दाचा अर्थच मुळी आंबट वाईन. साखरेला थेट व्हिनेगर होता येत नाही. आधी तिला दुसऱ्या एका स्टेशनावरून जावं लागतं. तिथं गाडीला थांबा नाही, कुणी उतरणार नाही, पण फलाटावरून गाडी जाणार हे नक्की.

आमचं गावच सांध्यांचं. सोलापूरकडून येणारा रूळ होटगीत फुटतो, एक वाट विजयपूर-गदगकडं, दुसरी वाडीकडं. माझे वडील इथं सांधेवाले होते. कंदील घेऊन रात्री-बेरात्री जायचे, लोखंडी दांडा ओढायचे, खट्ट आवाज व्हायचा, आणि अख्खी गाडी निमूटपणे दुसऱ्या मुलखाला वळायची. लहानपणी मला वाटायचं, गाडी वडीलच चालवतात. आयुर्वेदात आंबवण्याला संधान म्हणतात, हा शब्द लेबलामुळं उघडलेल्या पुस्तकात सापडला तेव्हा मी थोडा वेळ तसाच बसलो. सांधा आणि संधान, दोन्ही एकाच घरचे. द्राक्षापुढंही रूळ फुटतात. पाणी उडवलं तर बेदाणा, हवा कोंडली तर वाईन, हवा दिली तर व्हिनेगर. माणसानं करायचं ते एवढंच, की वेळेवर दांडा ओढायचा.

मार्चच्या शेवटी अप्पांचे क्रेट आले. आईची दहा लिटरची चिनी मातीची बरणी मी माळ्यावरून काढली. तिला तीस वर्षांच्या लोणच्याचा वास होता. सोडा, ऊन, लिंबाची सालं, सगळं करून हिंग काही जाईना. मग पहिला पेच. मण्यावर जी पांढरी लव असते, त्या मेणात रानटी यीस्ट चिकटलेलं असतं, म्हणून द्राक्षं धुवू नयेत. आणि त्याच लवेवर अप्पांनी हंगामभर मारलेली औषधं बसलेली असतात, म्हणून धुवावीत. मी धुतली. वाण्याकडून पाव फुगवायचं यीस्ट आणलं. ही चूक होती, हे मी आधीच सांगून टाकतो. चार दिवस घरात बेकरीचा वास होता.

परातीत द्राक्षं हातानं कुस्करली, सालीसकट बरणीत भरली. झाकणाला भोक पाडून औषधाच्या दुकानातून आणलेली सलाईनची नळी बसवली, तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत. फटींना कणीक. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटलीतून पहिला बुडबुडा आला. बुडुक. मी घड्याळ लावून बसलो. दुपारपर्यंत मिनिटाला वीस, संध्याकाळी चाळीसच्या वर. फळ्यावरचा तो वर जाणारा बाण, एकतीस वर्षांनी, बुडुक बुडुक करत माझ्यासमोर चालला होता. बायकोला हाक मारून दाखवलं. ती बघून म्हणाली, "छान आहे. पण हे रात्रभर वाजणार का?"

उन्हाळ्याचा प्रश्न वेगळाच. आंबताना रस स्वतः तापतो, आणि बाहेर आमच्या सोलापूरचा पारा चाळिशीला टेकलेला. यीस्ट मेलं की खेळ खलास. वायनरीत पोलादी टाक्यांभोवती थंड पाणी खेळवतात म्हणे. मी बरणीला सोलापुरी चादर गुंडाळली आणि तीन-तीन तासांनी तिच्यावर पाणी मारलं. चादरीवर दोन मोर होते. भिजल्यावर ते जास्तच उठून दिसायचे.

सहाव्या दिवशी दुपारी मी डुलकी काढून उठलो, तर आई बरणीपाशी होती. शहाऐंशी वर्षांची बाई, एका हातानं भिंत धरून, वाकून, ओल्या चादरीला कान लावून उभी. मी धावलो.

"श्श," ती म्हणाली. "बोलतंय अजून."

मग तिनं सांगितलं. तिचे मामा अक्कलकोटकडच्या एका खेड्यात वैद्य होते. दरवर्षी घरी आसव घालायचे. ताजी द्राक्षं तेव्हा कुठली. मनुका, गूळ, मध आणि धायटीची लाल फुलं. घडा भरायचा, तोंडाला कापडमाती करायची, आणि मालदांडी ज्वारीच्या राशीत गळ्यापर्यंत पुरून ठेवायचा. राशीत ऊब सारखी राहते, ना दिवसाचं ऊन लागत ना रात्रीचा गारवा. महिनाभरानं घड्याला कान लावायचा. आत सूं सूं चाललेलं असेल तर अजून व्हायचंय. शांत झालं की मामा तोंड उघडून पेटती काडी आत धरायचे. विझली तर परत बंद. जळत राहिली तर झालं. कान लावायचं काम दहा वर्षांच्या भाचीचं, कारण मामांना कमी ऐकू यायचं.

कार्बन डायऑक्साइडची परीक्षा. सूत्र नाही, बाण नाही, पण चूक एकही नाही. मी एकतीस वर्षं हा धडा शिकवत होतो आणि रोज संध्याकाळी घरी येऊन जिच्या हातचा चहा पीत होतो, तिला मी एकदाही तो वाचून दाखवला नव्हता.

पंधराव्या दिवशी बुडबुडे थांबले. आईनं कान लावला, काडी मागितली. काडी जळत राहिली. मी वाटीभर गाळून घेतलं. गढूळ, जांभळं, हिंगाचा अगदी लांबून वास. तिनं हात पुढं केला. "दोन चमचे. समान पाणी घाल."

मला कायदा आठवला, बलसारा आठवले, तिचा सोमवार आठवला. पण तिनं चमचा स्वतःच घेतला. डोळे मिटले, जीभ टाळ्याला लावली. टस्कनीचे ते मासीसाहेब असेच करत असतील. मग म्हणाली, "धायटी कमी पडली बघ. आणि घाई केलीस."

मी स्वतः चव घेतली की नाही, हे लिहायला भाच्यानं मनाई केली आहे.

दुसऱ्या दिवशी मी दांडा ओढला. नळी काढली, बरणीच्या तोंडाला मलमलचं फडकं बांधलं, हवा आत सोडली. पुढचं काम चिलटांनी आणि जिवाणूंनी केलं. तीन आठवड्यांत वर एक जाडसर, गुळगुळीत साय धरली. बायको ती काढून फेकायला निघाली, तेव्हा मी सांगितलं, की इंग्रजीत हिला व्हिनेगरची आई म्हणतात. सगळी आंबट करामत तिचीच. बायकोनं एकदा सायीकडं पाहिलं, एकदा खाटेकडं, आणि काही न बोलता फडकं परत बांधलं.

व्हिनेगर झालं, सात लिटर. आता सोलापुरी घरात सात लिटर व्हिनेगर कुठं घालणार? शेंगाचटणीला ते लागत नाही, कडक भाकरीला लागत नाही, आमटीला चिंच असते. एकदा कांदा बुडवून पाहिला, तो आम्ही दोघांनी एकमेकांच्या वाटीत सरकवला. अप्पांना एक बाटली दिली. त्यांनी ती बागेत फवारायची का, असं विचारलं. शेवटी बायकोनं न्हाणीघरातल्या नळाला एक बोळा बुडवून गुंडाळला. आमच्या बोअरचं पाणी इतकं क्षाराचं, की नळांवर वर्षानुवर्षं पांढरे थर चढलेले. तासाभरानं बोळा काढला तर खाली पितळ दिसलं. त्या उन्हाळ्यात आमच्या घरातला एकूण एक नळ, शॉवर, बादलीचा काठ, देवघरातला तांब्या, सगळं लखलखीत झालं. शेजारणी बाटली घेऊन यायला लागल्या. छंदाचा असा उपयोग झालेला निवृत्त माणूस आमच्या कट्ट्यावर दुसरा नाही.

यंदाचा मार्च लागला. परवा अप्पांची मोटारसायकल दारात थांबली. "सर, यंदा दोन ठेवू का तीन?"

मी बायकोकडं पाहिलं. बायको नळांकडं पाहत होती. तेवढ्यात आतून, खाटेवरून आवाज आला.

"अप्पा, दोनच ठेवा. आणि बाजाराला गेलात तर काष्ठौषधीच्या दुकानातून पावशेर धायटीची फुलं आणा."

फुलं आली. बरणी धुऊन उन्हात ठेवली आहे, आणि आईच्या सांगण्यावरून कोपऱ्यात ज्वारीचं पोतं रिकामं केलंय. भाच्याला अजून कळवलेलं नाही.